तांबडं-निळं दाखवणारी

मित्रांनो, म्हातारी म्हणा मला, लंगडी म्हणा, भंगार म्हणा. त्याचा राग नाही. खोटारडी तेवढं म्हणू नका. उभ्या आयुष्यात मी एकच काम मन लावून केलं, जे आहे ते दाखवलं. आणि त्याच कामावरून म्हातारपणी मला बोलणी खावी लागली.

मी पोटातलं बघणारी सोनोग्राफीची मशीन. नदीकाठच्या पिलार गावात, एका लहानशा दवाखान्यातल्या बायकांच्या खोलीत, खिडकीजवळ माझा मुक्काम आहे. मला चार चाकं, त्यातलं एक फिरत नाही. पडदा मधोमध पिवळा पडलाय. बटणांवरची अक्षरं बोटं फिरून फिरून पुसून गेलीत, त्यामुळे कुठलं बटण कशाचं हे फक्त सेल्साच्या बोटांना ठाऊक. सेल्सा म्हणजे मला चालवणारी. तिच्याबद्दल पुढे सांगते, आधी माझं ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, आणि एकीनं पेटीचं झाकण लावताना मला हळूच थोपटलं. पुढे पाराग्वे देशात आले ती थेट राजधानीत, एका बड्या डॉक्टरच्या खासगी दवाखान्यात. तिथला माझा थाट तुम्ही बघायला हवा होता. गार हवेची खोली, रोज मऊ फडक्यानं अंग पुसणं, आणि मला बघायला दुसऱ्या दवाखान्यांतले डॉक्टर यायचे. कारण मी नुसतं काळं-पांढरं दाखवणारी नव्हते, मी रंग दाखवायचे.

माझी विद्या तशी साधी आहे. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज मी पोटात सोडते. तो आत जाऊन आदळतो आणि परत येतो, आणि त्यावरून मी चित्र काढते. वाहतं रक्त माझ्याकडे येत असलं तर तांबडं, लांब जात असलं तर निळं. शाळेचं तोंड मी बघितलं नाही, पण रक्त कुठं वाहतंय आणि कुठं नाही हे मला कोणी शिकवायला नको.

त्या राजधानीतच मी पीसीओएस नावाचं दुखणं शेकडो वेळा बघितलं. काही बायकांच्या अंडाशयात बारीक बारीक फुगे कडेकडेनं दाटीवाटीनं बसतात. एकही धड वाढत नाही, एकही फुटून अंडं बाहेर टाकत नाही. पाळी महिनोन्महिने येत नाही, दिवस राहत नाहीत, आणि सगळं गाव त्या बाईला मात्र कारण विचारत बसतं. या फुग्यांच्या मधल्या जागेत नसांचं रान माजलेलं असतं. तांबडं-निळं, तांबडं-निळं, पडदा नुसता पेटल्यासारखा. बडा डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचा ते मी ऐकलंय. अंगात इन्सुलिन जास्त झालं की अंडाशयाला निरोप जातो, नव्या नसा फोडा, अजून फोडा. मेटफॉर्मिन नावाची गोळी, तीच जी साखरेचे रोगी घेतात, ती हा निरोप पुष्कळ जणींत कमी करते. सगळ्यांत नाही, पण पुष्कळ जणींत. मीही बघितलं, तीन-चार महिन्यांनी तीच बाई परत आली की माझ्या पडद्यावरचं रान विरळ झालेलं असायचं.

आणि रान विरळ न होता घाई केली तर काय होतं, तेही मी बघितलं. एका बाईला अंडी वाढवणारी इंजेक्शनं दिली. माझ्या पडद्यावर नसा पेटलेल्या होत्या, त्या कोणी मनावर घेतल्या नाहीत. थोड्याच दिवसांत तिची अंडाशयं मोसंब्याएवढी फुगली. नसा पाझरून पोटात पाणी भरलं. तिला आडवं पडता येईना, दम घेता येईना. वाचली ती. पण तिच्या आईनं दारात उभं राहून माझ्याकडे जे बघितलं, ते मला अजून पुसता आलेलं नाही.

बारा वर्षांनी तिथं माझ्याहून पातळ, माझ्याहून गोरी मशीन आली. माझी पाठवणी झाली एका मालमोटारीतून, शेणखताच्या पोत्यांशेजारी, या पिलार गावात. इथं गार हवा कसली, छतावरचा पंखा तेवढा. माझ्या पाठीमागे धूळ अडवणारी एक गाळणी आहे. ती धुवायची असते हे चार वर्षं कोणाच्या गावी नव्हतं. मी तापायचे, मध्येच बंद पडायचे, आणि लोक मला थापडा मारायचे. मग सेल्सा आली. पन्नाशीची, जाड भिंगाची, साखरेची जुनी दुखणाईत. आल्या दिवशी तिनं गाळणी काढून नळाखाली धरली आणि निघालेला गाळ बघून म्हणाली, "एवढं घेऊन श्वास घेत होतीस होय गं?" तेव्हापासून मी तिची आहे.

आता मुख्य गोष्ट.

सप्टेंबरात निमिया आली. सव्वीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं झालेली, पाळी वर्षातून दोनदा आली तर आली. बरोबर सासू, न्या एदुविहिस. 'न्या' इकडे मानाच्या बाईला लावतात, आणि या बाईनं तो मान कोणाकडून मागून घेतला नव्हता, वसूल केला होता. बाजारात तिचं जडीबुटीचं दुकान. कोणाला खोकला, कोणाला मुतखडा, कोणाला झोप नाही. ती माणसाकडे बघायची, टोपलीतून चार मुळ्या उचलायची, खलबत्त्यात कुटायची आणि तेरेरेच्या गार पाण्यात टाकून द्यायची. तेरेरे म्हणजे कडवट पाल्यावर गार पाणी ओतून, गोलात बसून एकाच पेल्यातून नळीनं आळीपाळीनं प्यायचं पेय. ते इथं सगळेच पितात, गुराख्यापासून न्यायाधीशापर्यंत.

पहिल्या दिवशी तिनं मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "ही माझ्याहून म्हातारी दिसते."

"पण बोलते खरं," सेल्सा म्हणाली.

निमियाचं पोट बघितलं तर तेच. कडेनं फुगे, मध्ये नसांचं रान. तरुण डॉक्टर फ्रेतेसनं गोळी लिहून दिली, दिवसाला दोन, जेवणाबरोबर, अख्खी गिळायची. तीन महिन्यांनी परत या म्हणाला. राजधानीच्या मोठ्या इस्पितळात इंजेक्शनांसाठी तिचं नावही घातलं. तिथली रांग वर्षाची. पण कोणाचा तरी नंबर रिकामा झाला आणि हिला डिसेंबरातलाच एक सोमवार मिळाला.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी दोघी आल्या. उन्हानं पत्रे तडतडत होते. न्या एदुविहिसनं बर्फाच्या पाण्याचा थर्मास मांडीवर घेतला होता आणि शिंगाचा पेला हातात. सेल्सानं निमियाच्या पोटावर जेल लावलं, माझा दांडा ठेवला आणि रंगाचं बटण दाबलं.

पडदा पेटला. सप्टेंबरात होता तसाच, तसूभर कमी नाही.

सेल्सानं रंग थोडा उतरवून बघितला. तरी तेच. मग तिनं डॉक्टरला हाक मारली.

फ्रेतेस आला, वाकला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "तीन महिने गोळी घेऊन हे? रोज घेतेस ना?"

निमियानं सासूकडे बघितलं. "रोज."

"एक दिवस चुकला नाही," न्या एदुविहिस म्हणाली. "दोन्ही गोळ्या माझ्या हातानं देते. तुझ्या आजीचा दमा मी बरा केला होता डॉक्टरा, मला औषध द्यायला शिकवू नकोस."

"मग ही मशीन बोंबललीय," फ्रेतेस म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर टिचकी मारली. "सगळीकडे रंगच रंग दाखवतेय. जुन्या मशीनना असंच होतं. हिला मागच्या खोलीत टाका आता."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याला त्या राजधानीतल्या बाईची हकिगत सांगितली असती. मला तोंड नाही, पडदा आहे. आणि पडद्यावरचं तो वाचायला तयार नव्हता.

तो टेबलाशी बसला आणि राजधानीसाठी चिठ्ठी लिहायला लागला. तीन महिने मेटफॉर्मिन पूर्ण झालं, इंजेक्शनं सुरू करावीत.

"डॉक्टर, पाच मिनिटं द्या," सेल्सा म्हणाली. तिनं दांडा पुसला आणि स्वतःच्या मानेला लावला. पडद्यावर एकच जाड तांबडी नस, ठोक्याठोक्याला उजळणारी, आणि बाजूचं मांस काळंभोर. "हे बघा. जिथं रक्त आहे तिथं रंग, जिथं नाही तिथं नाही. माझी मान खरी दाखवते आणि हिचं पोट खोटं?"

"सेल्सा, सोमवार चुकला तर हिचा नंबर परत वर्षानं येईल. तू सांगणार आहेस तिच्या नवऱ्याला?"

"सांगायची वेळ आली तर सांगीन."

"गोळी काही जणींत काम करत नाही, हे पुस्तकातही लिहिलंय."

"तसं असेल तर तसं लिहा. पण मशीन खोटी म्हणून पुढे जाऊ नका."

फ्रेतेसनं चिठ्ठी जवळ ओढली. लेखणी चालू होती. निमिया आढ्याकडे बघत पडून होती, आणि दोन्ही हातांनी चादर धरली होती.

न्या एदुविहिसला असली हुज्जत सोसत नाही. तिनं पेला भरला आणि सेल्सापुढे धरला. "घे गं बाई, घसा ओला कर. भांडून कोरडा पडला असेल. पुदिना आहे, दुसरी थंड मुळी आहे, पोटाला चांगली."

पुढे केलेला पेला इथं कोणी नाकारत नाही. सेल्सानं नळी तोंडात धरली, एक घोट घेतला आणि थांबली. पेला नाकाशी नेला. परत एक घोट घेतला.

"न्या एदुविहिस, याला मासळीचा वास येतोय."

"नदीचं पाणी," ती म्हणाली. "माझा धाकटाही रोज कुरकुरतो. म्हटलं, नदीला काय गुलाबाचा वास येणार?"

"सगळे पितात हे?"

"घरातले सगळे. सात जण. पाहुणा आला तर आठ. का?"

"आणि पोटं ठीक आहेत सगळ्यांची?"

न्या एदुविहिसनं तोंड वाकडं केलं. "विचारू नकोस. म्हातारा तर पायजम्याची नाडी बांधायच्या फंदातच पडत नाही. थोरल्याला कारखान्यातून दोनदा घरी पाठवलं. म्हणून तर थंड मुळी दुप्पट केलीय."

"कधीपासून?"

"झाले की तीन महिने."

सेल्सानं पेला खाली ठेवला. अकरा वर्षं ती ती गोळी घेतेय, सकाळ-संध्याकाळ. डबी उघडली की पहिला वास तोच, मासळीचा. आणि पहिल्या महिन्यात तिचंही पोट असंच ढवळलं होतं.

"हिच्या गोळ्या तुम्ही कशा देता?" तिनं विचारलं.

"कशा म्हणजे? कुटून. अख्खी गोळी पोटात खड्यासारखी बसते, अंगी लागत नाही. खलबत्त्यात मुळीबरोबर कुटते आणि थर्मासात टाकते. सगळ्यात आधी पेला हिलाच देते, विचार तिला."

फ्रेतेसची लेखणी थांबली.

मग फ्रेतेसनं अगदी हळू विचारलं, "म्हणजे हिची गोळी सात जण पितात?"

"प्यायचं ते वाटूनच पितात," न्या एदुविहिस म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती. "आमच्याकडे कोणी एकटं पीत नाही. एकटं पिणाऱ्याला काय म्हणतात ठाऊक आहे ना तुला?"

"म्हणजे तिच्या पोटात सातवा हिस्सा गेला," फ्रेतेस म्हणाला. "आणि मी तिला सोमवारी पाठवत होतो." त्यानं चिठ्ठी आधी दुमडली, मग फाडली. एकदा माझ्याकडे बघितलं. माफी वगैरे नाही मागितली, मशीनची कोण मागतं. पण टिचकीही मारली नाही.

निमिया उठून बसली. जेल तिच्या झग्याला लागलं तरी तिला भान नव्हतं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "औषधवाल्यानं सांगितलं होतं अख्खी गिळायची म्हणून."

न्या एदुविहिस तिच्याकडे वळली. "मग तोंड नव्हतं का तुला?"

"तुमच्यासमोर नव्हतं, आई."

मित्रांनो, मी पुष्कळ पोटं बघितली. पण एका वाक्यानं एवढी मोठी बाई एवढी लहान झालेली त्या दिवशीच बघितली. इकडे तेरेरेच्या गोलात बसलेल्या माणसानं 'आभार' म्हटलं की त्याला पुरे झालं, पुढच्या फेरीत त्याला पेला मिळत नाही. गोळी वेगळी मागायची म्हणजे तो पेला नाकारायचा. सुनेनं सासूच्या हातच्या पेल्याला आभार म्हणायचे, तेही सगळ्यांदेखत, पहिल्याच फेरीला? त्यापेक्षा ती तीन महिने आपली गोळी दिरांना, नणंदेला, म्हाताऱ्याला वाटून बसली. बिचाऱ्यांची पोटं बिघडली ती वेगळीच.

सोमवारचा नंबर दुसऱ्या कोणा बाईला गेला. निमियाचा नवरा दवाखान्यात येऊन गेला, त्याच्याशी सेल्सा बोलली. तो दाराशी टोपी हातात घेऊन ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "म्हणजे माझं पोट त्या गोळीनं बिघडलं होतं? आणि मी आईच्या मुळीला शिव्या घातल्या."

मार्चात दोघी परत आल्या. दोघींत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, मी घरोघरी जात नाही. पण न्या एदुविहिसनं सेल्साला सांगितलं ते ऐकलं. सकाळी सगळे गोलात बसतात. ती पेला भरते आणि पहिला निमियापुढे धरते. निमिया तो न घेता 'आभार' म्हणते. मग भाकरीचा तुकडा खाते, साध्या पाण्याबरोबर गोळी गिळते, आणि मगच गोलात येऊन बसते. "पहिले आठ दिवस मी पेला तसाच पुढे धरून बसायचे," न्या एदुविहिस म्हणाली. "आभार म्हणणं मला थपडेसारखं लागायचं. आता कोणी तिच्या गोळीकडे बघितलं तरी मी त्याला बाहेर काढते."

मी पडदा उजळला. रान विरळ झालं होतं. इकडे एक तांबडा ठिपका, तिकडे दोन निळे, बाकी शांत. आणि कडेच्या फुग्यांतला एक फुगा एकटाच मोठा झालेला. फ्रेतेसनं तो दोनदा मोजला. इंजेक्शनांचं आत्ता काही बोलायचं नाही, दहा दिवसांनी परत बघू म्हणाला.

दहा दिवसांनी तो मोठा फुगा नव्हता. त्याच्या जागी एक लहानसं डागाळलेलं वर्तुळ, आणि त्याभोवती तांबड्या-निळ्याचं भरगच्च कडं, जळतंय असं.

न्या एदुविहिस खुर्चीवरून उठली. "परत तांबडं? एक घोट कोणाला दिलेला नाही मी. तिच्या डोक्यावर उभी राहून गिळवते."

फ्रेतेसचा हात माझ्याकडे आला. मला वाटलं, आली टिचकी. पण त्यानं सेल्साला माझा रंग उतरवायला सांगितला, परत चढवायला सांगितला, आणि निमियाला विचारलं, "गोळी?"

"गिळते. अख्खी."

"मग हे रान नाही," तो म्हणाला. "हे कडं आहे. बाकी अंडाशय बघा, शांत आहे. रंग फक्त इथं. फुगा फुटून अंडं बाहेर पडलं की त्या जागेला रक्त लागतं, म्हणून तिथं नव्या नसा येतात. पंधरा दिवसांपुरत्या. या नसा यायलाच हव्यात."

"म्हणजे नसा वाईट नाहीत?"

"सगळीकडे वाईट. इथं चांगल्या."

न्या एदुविहिस खाली बसली. मग म्हणाली, "म्हणजे मूल?"

"ते मी सांगू शकत नाही. या महिन्यात राहील, पुढच्या राहील, नाहीही राहणार. पण हिच्या अंगानं आपलं आपण अंडं टाकलं, इंजेक्शनाशिवाय. एवढं पक्कं."

"पक्कं कोण म्हणतं?"

फ्रेतेसनं माझ्या पिवळ्या पडद्यावर बोट ठेवलं. "ही."

न्या एदुविहिसनं माझ्याकडे बघितलं, पहिल्या दिवशी बघितलं तसंच आपादमस्तक. मग स्वतःच्या झग्याच्या टोकानं नव्हे, सेल्साच्या टेबलावरच्या स्वच्छ फडक्यानं सुनेच्या पोटावरचं जेल पुसलं, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि म्हणाली, "चल पोरी. उशीर झाला तर तुझी दुपारची गोळी चुकेल."

मित्रांनो, मी आता थकले आहे. सुरू व्हायला मला चहा होईल एवढा वेळ लागतो. मागच्या खोलीतही मला जागा करून ठेवली आहे हे मला ठाऊक आहे, नवी मशीन येईल तेव्हा जाईन तिकडे, त्याचं वाईट वाटून घेणार नाही. तोवर दोन गोष्टी करा. घरात ज्याचं औषध आहे ते त्याच्याच पोटात जातंय ना, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, कारण सगळ्यांदेखत काही जणांना तोंड नसतं. आणि माझ्यासारख्या एखाद्या जुन्या वस्तूनं तुम्हाला नको ते दाखवलं, तर तिची गाळणी धुवा, तिला मानेवर लावून पारखा, समोरच्या माणसाची नीट चौकशी करा. एवढं सगळं करूनही ती खोटी ठरली, तर मारा खुशाल टिचकी.